खालच्या चाकातला ठोका

कारभारी जेवायला बसले की मी आधी ताटात भाकरी वाढायची आणि मग त्यांच्या हाताकडे बघायची. दहा आहेत ना? आहेत. मग कालवण. हे रोजचं. त्यांना वाटायचं, बायको किती प्रेमानं बघते. प्रेम होतंच, नाही कशाला म्हणू, पण त्या वेळी मी प्रेम करत नसे, बोटं मोजत असे.

मोजणार नाही तर काय? माझा बाप सहादू लाकडाच्या वखारीत करवतीवर होता. उजव्या हाताची दोन बोटं त्यानं माझ्या जन्माआधीच वखारीला देऊन टाकली होती. गावात त्याला सहादू म्हणून कुणी हाक मारत नसे. आठबोट्या म्हणत. मी शाळेत गेले तर तिथंही मी आठबोट्याची लता. बाप डोक्यावरून हात फिरवायचा तेव्हा मधली मोकळी जागा केसांना कळायची. लग्न जमवताना मी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही. पोह्यांची बशी धरलेले त्याचे हात तेवढे बघितले. लांबसडक बोटं, दहाच्या दहा, नखं कापलेली. आत जाऊन आईला सांगितलं, चालेल.

त्या मुलाचं नावच कारभारी. आमच्या गावाकडे बायका नवऱ्याला कारभारीच म्हणतात, त्यामुळं मी चारचौघांत नाव घेतलं तरी कुणाला पत्ता लागत नाही. एवढी एक सोय मला लग्नात मिळाली.

कारभारी सातपूरच्या एका कारखान्यात पॅटर्न करायचे. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा असला की आधी तो हुबेहूब लाकडात घडवावा लागतो, त्याला म्हणायचं पॅटर्न. त्यावरून मातीत साचा पडतो आणि साच्यात लोखंड ओततात. कारभाऱ्यांचा हात त्यात बसलेला होता. पाळी संपली की घरी आपलं स्वतःचं काम करायचं, लहान फाउंड्र्यांना पॅटर्न पुरवायचे, हे त्यांनी मनात घेतलं होतं. घरामागं पत्र्याची शेड घातली. आणि ब्याऐंशी साली, पाडव्याच्या सुमाराला, टेम्पोतून ते यंत्र उतरलं.

बँडसॉ म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं. एकावर एक दोन चाकं, आणि दोन्हींवरून फिरणारं दातेरी पोलादी पातं, गोल, कुठं सुरुवात नाही की शेवट नाही. मधे लोखंडी टेबल. लाकूड टेबलावरून पुढं ढकलायचं, पातं वरून खाली येतं आणि कापतं. ढकलणाऱ्याचा हात पात्यापासून किती लांब ठेवायचा, हे ज्याचं त्यानं बघायचं. बापानं बघितलं नव्हतं.

आमचं यंत्र स्वस्तातलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पुढं पितळी पाटी, पाटीवर सिंह, आणि मागून बघावं तर पत्रा बोटानं दाबला जायचा. टेम्पोवाल्यानं ते खाली ठेवलं तेव्हा ते एका पायावर डुगडुगलं. मी त्याच्याकडे टक लावून बघत राहिले.

"लते, असं काय बघते? म्हैस आणली का मी?" कारभारी म्हणाले.

"म्हशीला दात असतात, पण ती चारा खाते," मी म्हणाले.

पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी मी दोरीवर कपडे वाळत घालत होते. शेडचं दार उघडं. यंत्रानं आधी गुरगुर केली, मग थरथर, मग आरडाओरडा. टेबलावरचा काटकोन मापायचा गुण्या आपोआप सरकत खाली पडला. आणि काहीतरी सणकन् वाजलं. चाकावरून पातं सुटलं, दारातून झेपावलं आणि ज्या पत्र्याला कपड्यांची दोरी बांधली होती त्या पत्र्यात जाऊन अडकलं. ओल्या चादरीला वीतभर चीर. मी दोन पावलं पलीकडे चिमटे घ्यायला गेले होते म्हणून आज हे सांगते आहे.

कारभारी बाहेर आले. हसत होते, पण तोंड पिठासारखं पांढरं. मी त्यांचे दोन्ही हात धरून उलटेपालटे करून बघितले.

आवाज ऐकून शेजारच्या विमलाबाई धावत आल्या. त्यांनी पातं बघितलं, चादर बघितली आणि विचारलं, "नारळ फोडला होता का? नवं यंत्र आहे. त्याला काहीतरी द्यावं लागतं, नाही तर ते आपलं आपण घेतं."

आमच्याकडे नारळ फोडत नाहीत, लिंबू-मिरची बांधत नाहीत. आम्ही बौद्ध. कारभारी विहाराचे चिटणीस, दर पौर्णिमेला वंदना घ्यायचे. पण उत्तर त्यांना द्यावंच लागलं नाही. सासूबाई ओट्यावरून कडाडल्या.

"विमलाबाई, त्या नारळाची चटणी कर आन् खा. डोकं चालंल."

सुलाबाई नाव त्यांचं. मी आत्याबाई म्हणायची. बाई कुणाच्या बापाला भीत नसे. छप्पन साली सगळी वस्ती धर्म बदलायचं म्हणत होती, पण घरातले देव बाहेर काढायची वेळ आली तेव्हा भलेभले पुरुष अंगणात उभे राहून जमीन उकरत होते. आत्याबाई उठल्या. देव्हारा टोपलीत उपडा केला, टोपली डोक्यावर घेतली आणि कादवा नदीच्या डोहात नेऊन ओतली. नारसिंह, म्हाळसा, खंडोबा, सगळ्यांचे टाक. टाक म्हणजे चांदीच्या पातळ पत्र्यावर ठोकलेला देव, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा. "टाक टाकले आन् मोकळी झाले," असं त्या सांगायच्या आणि स्वतःच्या कोटीवर स्वतःच खळखळून हसायच्या. सगळी वस्ती ती गोष्ट तोंडपाठ सांगायची. मला त्यांचा फार आधार वाटायचा. घरात एक तरी माणूस न भिणारं हवं.

कारभाऱ्यांनी यंत्र विकायचं नाव काढलं नाही. "खोट आहे ती काढता येते," म्हणाले. "पॅटर्न तरी काय, खोट काढत काढतच होतो." आणि ते मागे लागले. पाळीवरून आले की चहा घेऊन थेट शेडमध्ये. दोन्ही चाकं एका रेषेत नाहीत हे त्यांनी नुसता दोरा ताणून काढलं. वरच्या चाकामागं वायसर घालत गेले, एक काढ, दोन घाल, करत करत दोरा दोन्ही चाकांना सारखा टेकला. टेबल पात्याशी काटकोनात नव्हतं, ते गुण्या लावून बसवलं. पातं इकडेतिकडे वळवळू नये म्हणून दोन बाजूंना जे मऊ लोखंडाचे तुकडे होते ते काढून फेकले आणि खैराचे ठोकळे तेलात मुरवून घातले. पात्याच्या जोडाला उंचवटा होता, तो दगडानं घासला. पाय जमिनीत बोल्टानं आवळले.

एकेक खोट जाई तसा यंत्राचा आवाज उतरत गेला, आणि खरं सांगते, माझी भीतीही. पूर्ण गेली नाही. ती माझ्या माहेरची आहे, ती कुठं जाणार? पण आता पातं वाजायचं ते शिवणयंत्रासारखं.

त्यात शेडमध्ये कारखान्यातल्यासारखी ट्यूबलाईट आली. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर यंत्राचं झाकण उघडं, मोटर घुमतेय, आणि खालचं चाक मात्र जागच्या जागी उभं. चाकाचे आरे दिसत होते एकेक. मी विचारलं, "मोटर चालू आणि चाक बंद?" आणि आऱ्याकडे बोट दाखवायला हात पुढं केला. कारभाऱ्यांनी झटका देऊन तो मागं ओढला. कप फुटला.

"फिरतंय ते! भरधाव फिरतंय!" ते ओरडले. मग समजावून सांगू लागले. ट्यूबलाईट सारखी मिचकत असते, आपल्याला कळत नाही. तिच्या मिचकण्याशी चाकाची गती जुळली की फिरतं चाक उभं दिसतं. कधी उलटं फिरल्यासारखंही दिसतं. "बटण बंद केल्यावरसुद्धा चाक कितीतरी वेळ फिरत राहतं. तेव्हा तर जास्तच फसवतं. नुसता डोळ्यांचा खेळ आहे."

"असले खेळ घरात नकोत," मी म्हणाले. पण नवी ट्यूब काढायची कशी? ती राहिली. मी त्या शेडमध्ये डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. आत्याबाईंना हे कुणी सांगितलं नाही. त्या शेडमध्ये यायच्याच नाहीत, भुशानं शिंका येतात म्हणून.

राहिलं होतं रबर. दोन्ही चाकांच्या काठावर रबराची पट्टी असते, त्यावर पातं बसतं. आमच्या यंत्राची पट्टी सुक्या कांद्याच्या सालीसारखी सुटायला लागली होती. कारभाऱ्यांनी ट्रकची जुनी ट्यूब आणली, पट्ट्या कापल्या, पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन फासून चाकांवर बसवल्या आणि वरून सुतळीनं आवळल्या. ओलं सोल्युशन, दिवसभर हात लागता कामा नये. त्यांची दुसरी पाळी होती, मला रेशनच्या रांगेत जायचं होतं.

"आई, जरा शेडच्या दारात बसशील का? कोंबड्या आत शिरतात," त्यांनी विचारलं.

"बसते की," आत्याबाई म्हणाल्या. मला जरा नवल वाटलं, पण ओट्यावरून शेडच्या दारात बसायला काय लागतं? मी पिशव्या घेऊन निघाले.

रबर वाळलं, पातं चढलं, यंत्र सुरू झालं. आणि त्या दिवसापासून तो आवाज आला.

ठक. ठक. ठक. ठक.

मोठा नाही. कुणीतरी आतून बोटानं पत्र्यावर वाजवावं तेवढाच. चाकाच्या दर फेऱ्याला एक. आणि दर ठोक्याला पातं एक हिसका खायचं, इतका लहान की लाकडावर बारीक रेघ उमटायची. कारभाऱ्यांचा जीव त्या रेघेवर. माझा जीव त्या हिसक्यावर. हात पात्यापासून चार बोटांवर असतो आणि पातं हिसका खातं, म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी पीठ मळायची आणि परातीत तो ठोका ऐकू यायचा. तो थांबला की जास्त भीती, का थांबला म्हणून. हातातलं टाकून मी दाराशी जायची. कारभारी पाठमोरे उभे, हात पुढं, दिसत नाहीत. "अहो!" मी ओरडायची. "काय आहे?" "काही नाही."

त्यांनी बेअरिंग बदललं. बेल्ट बदलला. पात्याचा जोड पुन्हा घासला. ठोका तिथंच. "खालच्या चाकात आहे," एक दिवस म्हणाले. "सगळ्या खोटी काढल्या आणि ही एक नवीन कुठून शिरली, तेच कळत नाही."

आत्याबाई अलीकडे वेगळ्याच वागत होत्या. काम अर्धवट ठेवलेलं त्यांना कधी खपायचं नाही, भांडं घासायचं तर बुडाखालूनसुद्धा. पण आता त्या सारख्या म्हणायच्या, "चालतंय ना यंत्र? मंग कशाला उकरतो? ऱ्हाऊ दे." कारभारी शेडमध्ये असले की त्या दारात बसून राहायच्या, ते बाहेर येईपर्यंत उठायच्या नाहीत. जेवायच्या चिमणीएवढं. आज काय उघडलं, उद्या काय उघडणार, एवढंच विचारायच्या. मला वाटलं वय झालं. आणि मला त्यांचा रागही आला. इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि ही न भिणारी बाई म्हणते, राहू दे!

श्रावणात पातं तुटलं. चालू यंत्रात, काम चालू असताना. तुकडा कारभाऱ्यांच्या बाहीत शिरला आणि कोपरापासून मनगटापर्यंत सदरा उसवत बाहेर पडला. कातडीवर नुसता एक लाल ओरखडा. पण मी तो सदरा धुवायला घेतला आणि मोरीत बसून ढसाढसा रडले. मला भीती वाटत होती, हे मी त्यांना त्या दिवशी स्पष्ट सांगितलं. "मला बापासारखा हात पुन्हा बघायचा नाही. विका ते धूड, नाही तर मला माहेरी पोचवा."

"त्या ठोक्यानंच तुटलं पातं," कारभारी म्हणाले. "दर फेऱ्याला वाकतंय, दुसरं काय होणार? आता खोट कळली. रबराला कुठंतरी फुगवटा आहे. रविवारी तो घासून काढतो, मग बघ."

घासायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. पातं काढून ठेवायचं, झाकण उघडायचं, मोटर चालू करून खालचं चाक फिरतं ठेवायचं आणि लाकडी पट्टीला पॉलिशपेपर गुंडाळून ती फिरत्या रबरावर हातानं टेकवून धरायची. म्हणजे उघड्या चाकात हात.

"पातंच नाही तर कापणार काय?" ते म्हणाले.

"चाकाला आरे आहेत. आऱ्याला लोखंड आहे. तुमच्या बोटांना काय आहे?"

आत्याबाई मधे पडल्या. "नको रे कारभारी. चाकाला हात लावू नको. माझं ऐक."

कारभारी हसले. "आई, तू कधीपासून भ्यायला लागलीस? कादवेत टोपली ओतणारी बाई तू!"

आत्याबाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडं बघितलं आणि मान खाली घातली.

शेवटी मी अट घातली. बटणाशी मी उभी राहणार. ते बंद म्हणाले की त्याच क्षणी बंद. ते काही म्हणाले नाहीत आणि मला वाटलं, तरी बंद. त्यांनी कबूल केलं.

रविवारी आभाळ गच्च भरून आलं होतं. शेडमध्ये सकाळीच ट्यूब लावावी लागली. मी बटणाशी, भिंतीला पाठ लावून. आत्याबाई दारात उभ्या, पदर तोंडात धरून. कारभाऱ्यांनी झाकण उघडलं, बाह्या वर सारल्या, घड्याळ काढून खिशात ठेवलं.

"हं. लाव."

मी बटण दाबलं. चाक घुमलं. त्यांनी पट्टी टेकवली आणि जळक्या रबराचा वास सुटला. काळा भुसा उडायला लागला. पट्टी दर फेऱ्याला उडायची, ठक, आणि ते ती पुन्हा दाबून धरायचे. ठक. दाबायचे. ठक. त्यांचा हात आऱ्यांपासून चार बोटांवर, कधी तीन. माझं बोट बटणावर होतं आणि घामानं सारखं घसरत होतं. मी डोळे मिटले असते तर बरं झालं असतं, पण मिटवेनात. मला वाटत होतं, मी बघते आहे तोवर त्या हाताला काही होणार नाही. मी नजर काढली की होईल.

"अरे?" कारभारी म्हणाले. "काहीतरी चमकतंय. बंद कर!"

मी बंद केलं. मोटरची घरघर बसली. त्यांनी पट्टी बाजूला घेतली, ताठ उभे राहिले.

"रबराखाली काहीतरी आहे. पत्रा आहे का खिळा? पक्कड दे... थांब, मीच घेतो." ते मागं फळीकडे वळले.

हात बाहेर आले होते. मी भिंतीवरून पाठ काढली, श्वास सोडला आणि रोजच्यासारखी नजर त्यांच्या हातांवर गेली. काळे झाले होते भुशानं. मी मोजू लागले. एक, दोन, तीन.

तेवढ्यात आत्याबाई उंबरा ओलांडून आत आल्या. मला त्या दिसल्या, पण नुसत्या डोळ्यांच्या कडेला. त्या चाकाकडे वाकल्या. बटण बंद होतं, मोटर गप्प होती. ट्यूबच्या उजेडात चाक उभं होतं, आरे एकेक दिसत होते. त्यांनी भर्रकन उजवा हात आत घातला, भांड्यातली पडलेली वस्तू काढावी तसा.

एकच ठोका वाजला. तो ठक नव्हता.

त्या ओरडल्या नाहीत. मी ओरडले. कारभाऱ्यांनी वळून बघितलं, पक्कड पडली, आणि त्यांनी आईला मागच्या मागं उचललं. शेजारचे यादव मोटरसायकल घेऊन आले, त्यांच्यामागं आधी आत्याबाई बसल्या की मी, काही आठवत नाही. माझ्या पदरात गुंडाळलेला त्यांचा हात तेवढा आठवतो आणि तो पदर जड होत गेलेला आठवतो.

दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली. अंगठ्याजवळचं आणि मधलं. माझ्या बापाची गेली तीच.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई शुद्धीवर येऊन नीट बोलू लागल्या, तेव्हा कारभारी खाटेच्या पायथ्याशी उभे होते. त्यांनी खिशातून रुमाल काढला, रुमालातून एक चांदीचा पातळ पत्रा. रबर उकलून काढला होता. टाक. घोड्यावरचा खंडोबा. अर्धा घोडा पॉलिशपेपरनं घासून सपाट झालेला.

मला वाटलं आता चिटणीस बोलणार. सगळी वस्ती जिची गोष्ट सांगते तिनंच एक देव मागं ठेवला, आणि तो ठेवला तो कुठं, तर चाकाच्या रबराखाली! पण त्यांनी तो टाक नुसता आईपुढं धरला.

"समदे टाकले होते," आत्याबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "खोटं नाय बोलले. हा येकच ऱ्हायला. तुला गोवर होता तवा. अंग नुसतं भाजत होतं तुझं, मांडीवर निपचित पडला होता. टोपली उचलली आन् मनात आलं, येक ऱ्हाऊ दे. पोरगं उठलं की टाकू. तू उठला. मंग टाकवला नाय. पिठाच्या डब्याच्या तळाशी होता इतकी वरसं."

"पण यंत्रात कशाला, आत्याबाई?" मी विचारलं.

"नव्या घराच्या उंबऱ्याखाली ठेवत्यात तसं. दिसू नये आन् राखावं. रबर वलं होतं, कडेनं सारला." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "लय भ्या वाटत होतं गं. तू रोज ह्याची बोटं मोजती ना? मोजताना तुझे व्हट हलत्यात. मला दिसायचं. तुझं भ्या मला लागलं. आन् मंग तो ठोका सुरू झाला, आन् हा त्याच्यामागं हात घालत सुटला. राखायला ठेवला आन् त्यानंच ह्याचा हात आत बोलावला. काढून घ्यावा म्हणलं, ह्याच्या आधी. चाक तर हुबं होतं. हुबं होतं ना?"

"उभं दिसत होतं," मी म्हणाले.

आत्याबाईंनी डोळे मिटले. "टाक आता, कारभारी. नदीत टाक."

कारभारी खाटेवर बसले. आईचा डावा हात ओढून घेतला, त्यात तो टाक ठेवला आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. "मी नाही टाकत," म्हणाले. "तुझ्या हातानं टाकशील तेव्हा टाक." आणि मग तो माणूस, ज्याला मी पातं सुटलं तेव्हा हसताना बघितलं होतं, आईच्या मुठीवर डोकं टेकवून रडला.

यंत्र विकलं नाही. मीच नको म्हणाले. दुसऱ्या कुणाच्या घरी कोण उभं असेल दारात? कारभाऱ्यांनी नवं रबर बसवलं. ठोका गेला. झाकणाला कडी केली, चाकाला पायानं दाबायचा लाकडी ब्रेक केला. आणि सगळ्यात शेवटी ट्यूबलाईट उतरवली, पिवळा बल्ब लावला. ती एक खोट यंत्रात नव्हतीच, म्हणून इतके दिवस काढायची राहिली होती.

आत्याबाई घरी आल्या त्या दिवशी आम्ही तिघं जेवायला बसलो. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली. त्यांनी सवयीनं उजवा हात पुढं केला, पट्टी बांधलेला, आणि मागं घेतला. कारभाऱ्यांनी त्यांची भाकरी आपल्याकडं ओढली आणि कुस्करायला घेतली. माझी नजर जुन्या खोडीनं त्यांच्या हाताकडे निघाली. आणि मी मधेच थांबले, कारण आत्याबाई त्याच हाताकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते.

"धा," त्या म्हणाल्या. "हायेत समदी." आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं.

मग त्यांनी डाव्या हातानं घास घेतला. मी त्या हाताकडे बघत राहिले. त्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली होती, पण त्यांची बोटं मी एकदाही मोजली नव्हती.